अदृश्य दाह

पुराचे पाणी डोळ्यांना दिसते, आगीची धग अंगाला लागते. म्हणून मनुष्य वेळीच मागे सरतो. परंतु किरणोत्सर्गाचे तसे नाही. मृत्यू उशाशी येऊन बसला तरी इंद्रियांना त्याची वार्ता नसते.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला व ते मायापुरीच्या भंगार बाजारात आले. तेथे त्याचे शिशाचे जाड कवच फोडण्यात आले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. त्याचा एक तुकडा तर एका व्यापाऱ्याने पैशांच्या पाकिटात जपून ठेवला! कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे, म्हणजे २५ वर्षांत त्याचे तेज सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आले होते. उरले तेवढेही जीवघेणे ठरले.

एप्रिलमध्ये माणसे रुग्णालयांत येऊ लागली. कोणाची त्वचा काळवंडली होती, कोणाचे केस गळत होते. त्यांतील एकजण दगावला, इतर वाचले. ही दुर्घटना आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत सातांपैकी चौथ्या पायरीवर नोंदली गेली.

एकाच धातूच्या सान्निध्यात आलेल्यांचे भाग्य असे निराळे का? बिंदूवजा उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की किरणांची तीव्रता चौथाई होते. एक सेंटिमीटरवर जो मारा होतो, त्याचा दहा हजारावा अंश एक मीटरवर उरतो. तेव्हा खिशात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते. किती वेळ जवळ होता, हा दुसरा प्रश्न.

सर्वांत मोठा आघात होतो तो अस्थिमज्जेवर, कारण तेथील पेशी अखंड विभागत असतात. रक्तातील पांढऱ्या पेशी अल्पायुषी. नव्या पेशींचा पुरवठा थांबला, की काही आठवड्यांतच रक्त दुबळे होते आणि क्षुल्लक जंतूही प्राण घेतो. म्हणून रुग्णाला एकांत खोलीत ठेवतात, जंतुनाशक औषधे व रक्तघटक देतात, आणि वाट पाहतात. मज्जेतील थोड्या मूळ पेशी जरी तगल्या असल्या, तरी त्या पुन्हा वाढू लागतात.

मात्रा किती लागली, हे भंगारवाल्याला कोण सांगणार? त्याच्या छातीवर मापकपट्टी नसते. परंतु रक्तपेशींतील गुणसूत्रे किरणांनी तुटतात व चुकीची जोडली जातात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी वेडीवाकडी गुणसूत्रे मोजून तज्ज्ञ त्या मात्रेचा अंदाज बांधतात.