सुपरमॅनचा वाढदिवस कोणता?

ग्रंथालयाच्या दाराशी जो फळा आहे, त्यावर रोज सकाळी ‘आजचा दिनविशेष’ लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आहे. एखादी जयंती, एखादी पुण्यतिथी, एखादा शोध, एखादी लढाई अशा चार ओळी लिहायच्या आणि खडूचे हात झटकून तासाला पळायचे, एवढेच ते काम. पहिल्या सत्रात मी त्यात थोडी भर घातली. चित्रकथांच्या दुनियेत त्या तारखेला काही घडले असेल, म्हणजे कॉमिक्सच्या एखाद्या लेखकाचा वा चित्रकाराचा जन्म झाला असेल किंवा एखादे गाजलेले पात्र प्रथम वाचकांसमोर आले असेल, तर पाचवी ओळ त्याची. या पाचव्या ओळीला काहींनी नाके मुरडली. एका सरांनी थांबून विचारलेही, “अरे, जयंती माणसाची असते. या कागदी पैलवानांची कसली जयंती?”

प्रश्न चेष्टेचा होता, पण त्याने मला चांगलेच कामाला लावले. कारण पाचवी ओळ लिहिताना माझ्या ध्यानात आले होते की कॉमिक्सच्या जगात तारीख शोधणे हे वाटते तितके सोपे नाही. साधा सवाल घ्या. सुपरमॅन कधी जन्माला आला?

ज्या अंकात तो प्रथम आला त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जून १९३८ असे छापलेले आहे. निळ्या कपड्यांतला, लाल अंगरखा पाठीवर सोडलेला एक धिप्पाड गडी हिरवी मोटार डोक्यावर उचलून धरतो आहे, हे ते प्रसिद्ध चित्र. किंमत दहा सेंट. (त्यातली एक प्रत २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलर्सना गेली, हे जाता जाता.) तेव्हा जून १९३८ म्हणून मोकळे व्हावे, तर तेही खरे नाही. अंक स्टॉलवर आला तो दिवस १८ एप्रिल १९३८ मानला जातो. त्याच मासिकाचा हजारावा अंक २०१८ साली काढताना प्रकाशकांनी मुद्दाम १८ एप्रिल हाच दिवस धरला.

ही दोन महिन्यांची तफावत कशी पडली? तर ती विक्रेत्यांच्या सोयीसाठी. अमेरिकेत मुखपृष्ठावरचा महिना हा अंक कधी निघाला ते सांगण्यासाठी नसून तो स्टॉलवरून कधी काढायचा ते सांगण्यासाठी असे. जून उलटला की विक्रेत्याने जूनचे न खपलेले अंक उचलावेत, परत करावेत आणि नव्यांना जागा द्यावी. शिवाय एप्रिलात ‘जून’ वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला माल ताजा वाटतो, हा फायदा वेगळाच. आपल्याकडे मासिके तारखेच्या मागे रेंगाळतात. तिकडे तारीखच मासिकाच्या पुढे धावते. आपल्या या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर कोणते साल असेल आणि ते तुमच्या हातात कधी पडेल, याविषयी मी संपादक मंडळाच्या भीतीने काही बोलत नाही.

वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांचे मात्र तसे नाही. वर्तमानपत्राची तारीख ती खरी तारीख. आपल्या आधीच्या दोन पिढ्या इंद्रजाल कॉमिक्समधून ज्याच्यावर पोसल्या, त्या वेताळाची म्हणजे फँटमची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, सोमवारी, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. त्याआधी जादूगार मँड्रेक ११ जून १९३४ ला आला होता. दोघांचेही जनक ली फॉक. जन्म २८ एप्रिल १९११. मौज अशी की कथेतल्या वेताळ घराण्याचा आरंभ १५३६ साली होतो, म्हणजे पट्टी सुरू होण्याच्या बरोबर चारशे वर्षे आधी! इंद्रजाल आपल्याकडे मार्च १९६४ पासून निघू लागले आणि १९९० मध्ये बंद पडले. माझ्या मामाच्या माळ्यावर त्याचे दोन गठ्ठे अजून आहेत आणि ते कुणालाही घरी नेऊ देत नाहीत.

तारखेचा सगळ्यात विलक्षण योग मला सापडला तो चार्ल्स शुल्झ यांचा. चार्ली ब्राउन आणि स्नूपी कुत्रा यांची ‘पीनट्स’ ही पट्टी त्यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःच्या हाताने काढली. प्रकृती ढासळल्यावर त्यांनी निरोपाची पट्टी आधीच करून ठेवली. ती १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापून यायची होती. १२ तारखेच्या रात्री शुल्झ गेले. सकाळी लोकांच्या दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत त्यांचा निरोप होता. एखाद्या कथालेखकाने असा शेवट केला असता, तर आपण त्याला ‘ओढूनताणून आणलेला’ म्हटले असते.

कुणी म्हणेल, महिना इकडे की तिकडे, त्याने काय बिघडते? कधी कधी बरेच बिघडते. ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यात ठोसा लगावतो आहे. पण अंक विक्रीला आला २० डिसेंबर १९४० रोजी. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे देश अजून तटस्थ असताना, जवळजवळ वर्षभर आधी, जो सायमन आणि जॅक कर्बी या न्यूयॉर्कमधल्या दोन ज्यू तरुणांनी तो ठोसा मारून घेतला होता. त्यांना धमक्या आल्या. खुद्द महापौर ला ग्वार्डिया यांनी फोन करून संरक्षणाचे आश्वासन दिले, असे सायमन यांनी पुढे सांगितले आहे. हे चित्र युद्ध सुरू झाल्यावर काढले असते, तर तो केवळ प्रचार ठरला असता. तारखेमुळे ते धाडस ठरते. कर्बींची जन्मतारीख २८ ऑगस्ट १९१७. ती ओळ मी फळ्यावर जरा ठळक लिहिली होती.

आता पुन्हा सुपरमॅनकडे वळू. वर दिलेल्या तारखा प्रकाशनाच्या झाल्या. त्या पात्राचा म्हणून वाढदिवस २९ फेब्रुवारीला धरण्याची प्रथा आहे. चार वर्षांतून एकदाच वाढदिवस येतो, म्हणून गडी म्हातारा होत नाही, अशी त्यावर कोटी केली जाते. १९८८ हे लीप वर्ष होते आणि त्याची पन्नाशी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर साजरी झाली ती २९ फेब्रुवारीलाच.

कॅलेंडरात २९ फेब्रुवारीला लागूनच १ मार्च येतो. माझ्या लेखी सुपरमॅनच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची तारीख ती आहे.

जेरी सीगल यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९१४ चा आणि जो शूस्टर यांचा १० जुलै १९१४ चा. क्लीव्हलंडच्या एकाच शाळेतले हे दोन मित्र. एक लिहिणारा, एक चित्रे काढणारा. सुपरमॅन घेऊन ते कित्येक वर्षे प्रकाशकांचे उंबरे झिजवत होते. अखेर एकाने होकार दिला. १ मार्च १९३८ रोजी त्यांच्या नावे ४१२ डॉलर्सचा चेक निघाला. त्यात आधीच्या इतर कामांचे पैसे होते आणि १३० डॉलर्स सुपरमॅनचे. तेरा पाने, पानाला दहा डॉलर्स. चेकवर दोघांच्याही नावांचे स्पेलिंग चुकले होते, म्हणून मागच्या बाजूला त्यांना दोन-दोनदा सह्या कराव्या लागल्या. त्या १३० डॉलर्समध्ये केवळ तेरा पाने विकली गेली नाहीत. त्या व्यवहारात सुपरमॅनचे सगळे हक्क कायमचे गेले. तेव्हा दोघेही तेवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या एम. ए. च्या वर्गात शोभतील असे.

पुढे सुपरमॅनवर रेडिओच्या मालिका झाल्या, चित्रपट झाले, खेळणी निघाली. सीगल आणि शूस्टर यांनी १९४७ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, नोकरी गेली आणि कथांवरून त्यांची नावेही गेली. सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघणार असे १९७५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होते आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी वर्तमानपत्रांना सणसणीत पत्रे पाठवली. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन अशा चित्रकारांनी त्यांची बाजू लावून धरली. तेव्हा कुठे त्या वर्षीच्या डिसेंबरात दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर्स मानधन आणि प्रत्येक कथेवर नाव, असा करार झाला. १९७८ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ती नावे दिसतात. तो १ मार्चचा चेकही जपला गेला. २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि त्याला एक लाख साठ हजार डॉलर्स आले. ज्या व्यवहारात सुपरमॅन १३० डॉलर्सना गेला, त्या व्यवहाराच्या कागदाला बाराशे पटींहून अधिक किंमत!

कागदी पैलवानांची कसली जयंती, असे विचारणाऱ्या सरांना माझे उत्तर हे आहे. पैलवान कागदी असतो, पण त्याला काढणारा हात कागदी नसतो.

जन्मतारखांच्या बाबतीत कधी कधी गर्दीही होते. चाचा चौधरीचे जनक प्राण यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३८ चा. त्या दिवशी फळ्यावर त्यांना जागा मिळेल ही आशाच नको. अमर चित्र कथेचे अनंत पै १७ सप्टेंबर १९२९ चे. म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शेजारी त्यांना दाटीवाटीने बसवावे लागते. आणि २४ ऑक्टोबरला तर दोघे भेटतात. एक आपले आर. के. लक्ष्मण, जन्म १९२१. त्यांचा तो चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात २६ जानेवारी २०१५ ला ते गेले. दुसरे बॉब केन, जन्म १९१५. हे बॅटमॅनचे जनक, निदान पंचाहत्तर वर्षे छापून येत होते त्याप्रमाणे.

‘निदान’ म्हणण्याला कारण आहे. बॅटमॅन प्रथम आला तो ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात. मुखपृष्ठावर मे १९३९; प्रत्यक्षात मार्चअखेर. केन यांनी एक कच्चे चित्र काढले होते. त्यात नायकाला लाल कपडे होते, डोळ्यांवर लहानसा मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. ते त्यांनी आपले मित्र बिल फिंगर यांना दाखवले. टोकदार कानांचा शिरपेच, पंखांऐवजी अंगरखा, करडा रंग हे फिंगर यांनी सुचवले. पहिली कथा त्यांनी लिहिली. ब्रूस वेन हे नाव त्यांचे. गोथॅम हे शहराचे नावही त्यांचेच. टेलिफोनच्या डिरेक्टरीत ‘गोथॅम ज्वेलर्स’ असे एका सराफाचे नाव दिसले आणि ते उचलले, असे ते सांगत. पण प्रकाशकाशी करार केला तो एकट्या केन यांनी, आणि त्यात नाव फक्त त्यांचे. फिंगर वर्षानुवर्षे लिहीत राहिले आणि कथेच्या माथ्यावर ‘बॉब केन’ अशी सही येत राहिली. १९६५ मध्ये फिंगर यांच्या वाट्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा केन यांनी जाहीर पत्र लिहून ती खोडून काढली. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत एका दुभागी कथेच्या सहलेखनापुरते फिंगर यांचे नाव पडद्यावर आले. त्या कथेतला खलनायक होता घड्याळांचा राजा!

१८ जानेवारी १९७४ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, फिंगर वारले. १९८९ मध्ये केन यांनी आत्मचरित्रात कबूल केले की फिंगर यांना योग्य ते श्रेय मिळाले नाही. कबुलीने करार बदलत नाही. पुढे मार्क टायलर नोबेलमन या लेखकाने फिंगर यांच्या आयुष्याचा माग काढला आणि २०१२ मध्ये मुलांसाठी त्यांचे चरित्र लिहिले. त्याच शोधात फिंगर यांच्या नातीचा पत्ता लागला, आणि हक्क मागायला घरचे माणूस उभे राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकाशकांनी श्रेय मान्य केले. तेव्हापासून बॅटमॅनवर दोघांची नावे असतात, तीही अशी: निर्माते बॉब केन, ‘यांच्यासह’ बिल फिंगर. त्या ‘यांच्यासह’वर चाहते अजून वाद घालतात आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एडगर अ‍ॅलन पो यांचे घर जतन केलेली एक बाग आहे. केन आणि फिंगर तिथल्या बाकावर बसून कथा रचत. त्या बागेजवळच्या रस्त्याला ८ डिसेंबर २०१७ रोजी ‘बिल फिंगर वे’ असे नाव देण्यात आले. फिंगर यांची जन्मतारीख ८ फेब्रुवारी १९१४.