गोळी चुकली की फिट गाठते

एसटी स्टँडवर एखाद्याला फिट आली की भोवती कोंडाळे जमते. कुणी नाकाला कांदा लावतो, कुणी चप्पल हुंगवतो, तर कुणी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतो. थोड्या वेळाने झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. खरे तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. चमच्याने मात्र दात तुटतात.

मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी अनावर विद्युतसंदेश सोडू लागल्या की फिट येते. दर वेळी माणूस कोसळतोच असे नाही. वर्गात काही सेकंद शून्यात पाहत राहणारे, हाकेला ओ न देणारे मूलही फिटमध्ये असू शकते. बोलणी मात्र ते ‘लक्ष नाही’ म्हणून खाते. अशा फिट वारंवार येण्याचा आजार म्हणजे अपस्मार. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. डोक्याला मार, पक्षाघात, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे ही त्याची काही कारणे. आपल्याकडे आणखी एक कारण आढळते: डुकरातून माणसात येणाऱ्या फीतकृमीची अंडी. ती दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हातांवाटे पोटात जातात आणि अळ्या मेंदूत गाठी करतात. त्यामुळे शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही. भाजी नीट धुणे हासुद्धा फिट टाळण्याचाच उपाय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. त्यासाठी गोळ्या रोज, ठरल्या वेळी पोटात जायला हव्यात. घोडे नेमके इथेच अडते. कुणी वर्षभर फिट आली नाही म्हणून आपल्याच मनाने गोळ्या सोडतो, कुणी अंगारे-धुपाऱ्यांकडे वळतो. सर्वांत वाईट गोष्ट मुलींच्या बाबतीत घडते. लग्न जमावे म्हणून आजार लपवला जातो, सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, चुकतात आणि फिट येते. वास्तविक हिंदू विवाह कायद्यातली लग्नाला आड येणारी अपस्माराची अट १९९९ मध्येच काढून टाकली गेली. गोळी घेऊन संसार करता येतो, मुलेही होतात. मात्र व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला धोका असतो. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, आपणहून औषध थांबवू नये.

गोळीच्या जोडीला झोप सांभाळावी. जागरण, दारू, ताप यांनीही फिट ओढवते. रुग्णाने एकट्याने विहिरीत किंवा नदीत पोहू नये, न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

समोर कुणाला फिट आली तर आधी घड्याळ पाहावे. आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जात नाही. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही देऊ नये. फिट पाच मिनिटांहून लांबली, शुद्धीवर न येताच पुन्हा आली, पहिल्यांदाच आली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्या माणसाला सोडून जाऊ नका.