संगीत ऐकत अभ्यास : एका प्रयोगाची आखणी

पार्श्वसंगीताने एकाग्रता वाढते की मोडते, या प्रश्नाला मानसशास्त्राने आजवर एकच एक उत्तर दिलेले नाही. जर्मनीतील युलियाने केम्फे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या विषयावरचे उपलब्ध प्रयोग एकत्र करून त्यांची सरासरी काढली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पण सरासरी फोडून पाहिल्यावर चित्र बदलले. पार्श्वसंगीताने वाचनात अडथळा येत होता, स्मरणावर थोडा वाईट परिणाम होत होता, तर मनःस्थिती आणि खेळातील कामगिरी सुधारत होती. परस्परविरोधी परिणामांनी एकमेकांना खोडून काढले होते. म्हणूनच प्रयोगाची आखणी करताना ‘संगीत’ म्हणजे कोणते संगीत, ‘एकाग्रता’ म्हणजे कोणत्या कामातली आणि तुलना कशाशी, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

हा प्रश्न रायपूरसारख्या शहरात रोजचा आहे. छत्तीसगडच्या राजधानीत राज्यभरातून मुले स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येतात. २०१८ साली सुरू झालेल्या, चोवीस तास उघड्या असणाऱ्या नालंदा परिसरासारख्या वाचनालयात ती तासन्‌तास बसतात आणि त्यांतल्या अनेकांच्या कानांत इअरफोन असतात. गाण्याने अभ्यास चांगला होतो, असे काहींना मनापासून वाटते, तर पालकांना नेमके उलटे वाटते. दोन्ही बाजूंची मते स्वतःच्या अनुभवावर उभी असतात आणि या बाबतीत स्वतःचा अनुभव हा कच्चा पुरावा ठरतो. गाणे ऐकताना अभ्यास सुखाचा वाटला, एवढ्यावरून तो अधिक झाला असे सिद्ध होत नाही.

मोझार्टचा धडा

घाईने काढलेला निष्कर्ष किती दूर जातो, याचे प्रसिद्ध उदाहरण १९९३ सालचे आहे. फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. नंतर आकृत्यांशी संबंधित कोडी सोडवताना या विद्यार्थ्यांचे गुण, शांततेत बसल्यानंतरच्या किंवा शिथिल होण्याच्या सूचना ऐकल्यानंतरच्या गुणांपेक्षा जास्त आले. हा लाभ दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोग लहान होता, संगीत कामाच्या आधी ऐकवले होते आणि मोजमाप एकाच प्रकारच्या कोड्यांचे होते. तरीही ‘मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते’ अशी समजूत जगभर पसरली. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी निधीही मागितला.

पुढे इतर संशोधकांना हा परिणाम सातत्याने मिळाला नाही. १९९९ साली नँटाइस आणि शेलेनबर्ग यांनी मोझार्टच्या जोडीला एक गोष्ट ऐकवली. ज्यांना मोझार्ट आवडला त्यांची कामगिरी मोझार्टनंतर चांगली झाली आणि ज्यांना गोष्ट आवडली त्यांची गोष्टीनंतर. २००१ साली मोझार्टच्या उत्साही रचनेची तुलना आल्बिनोनीच्या संथ, उदास रचनेशी झाली. लाभ फक्त मोझार्टनंतर दिसला आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती व उत्तेजन यांचा हिशेब वेगळा काढताच तोही नाहीसा झाला. म्हणजे परिणामामागे खास त्या संगीताची काही शक्ती नव्हती. ऐकणारा ताजातवाना आणि प्रसन्न झाला होता. पहिल्या प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेले दोन्ही पर्याय नीरस होते, त्यामुळे हा भेद दिसलाच नव्हता.

प्रश्न नेमका करणे

प्रयोगकर्ता जी गोष्ट मुद्दाम बदलतो तिला स्वतंत्र चल म्हणतात आणि त्या बदलाचा परिणाम जिच्यावर मोजला जातो तिला अवलंबी चल. चांगल्या प्रयोगात स्वतंत्र चल तेवढे बदलते, बाकी सारे जागच्या जागी राहते. ‘संगीत विरुद्ध शांतता’ या साध्या तुलनेत मात्र एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात: आवाज येतो, लय येते, सूर येतात, शब्द येतात, आवड-नावड येते. फरक दिसला तरी तो कशामुळे आला हे सांगता येत नाही.

यांतला सर्वांत महत्त्वाचा घटक शब्दांचा असण्याची शक्यता आहे. पियरे सालामे आणि ॲलन बॅडली यांनी १९८९ साली दाखवले, की आकड्यांची मालिका क्रमाने लक्षात ठेवताना गायलेले संगीत वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येते. त्याआधी, १९७६ साली, कोल आणि वेल्श यांच्या प्रयोगात इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना न समजणाऱ्या जर्मन भाषेतले वाचन ऐकवले, तरी त्यांचे क्रमाने स्मरण बिघडले होते. क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात बोलण्याचा नुसता ध्वनीही पुरेसा असतो. वाचून अर्थ लावण्याच्या कामात मात्र कानांवर पडणाऱ्या शब्दांचा अर्थही वाटेत येतो, कारण डोळे आणि कान दोघेही एकाच वेळी भाषेकडे धावतात.

रायपुरात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. इथल्या जुन्या मराठी कुटुंबांतली मुले घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि बाजारात छत्तीसगढी ऐकत वाढतात. गाणे कोणत्या भाषेत आहे आणि वाचायचा मजकूर कोणत्या, याने निकाल बदलू शकतो. म्हणून प्रयोगाचा मुख्य प्रश्न असा ठेवता येतो: चाल, लय आणि आवाजाची पातळी तीच असताना, समजणाऱ्या भाषेतल्या शब्दांमुळे वाचन आणि अवधान यांत अडथळा वाढतो का?

ऐकवायचे काय

या प्रश्नासाठी तीन स्थिती पुरतात. पहिली शांततेची. दुसरीत एखादी छत्तीसगढी ददरिया लोकगीताची चाल फक्त बासरीवर. तिसरीत तीच चाल, त्याच लयीत, शब्दांसह गायलेली. बाजारातली दोन वेगळी गाणी निवडली तर वाद्ये, ठेका, लोकप्रियता, आठवणी असे अनेक फरक आत शिरतात. त्यापेक्षा ध्वनिमुद्रण मुद्दाम करून घेणे चांगले. १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय छत्तीसगडमध्येच खैरागढला आहे. तेथील शिकलेला बासरीवादक आणि गायक एकच चाल ठरल्या लयीत, तेवढ्याच मिनिटांची देऊ शकतात. गाणे फार ओळखीचे नसावे, नाहीतर ऐकणारा मनात ते म्हणू लागतो.

तिन्ही स्थितींत प्रत्येकाने तेच हेडफोन लावायचे, शांततेच्या फेरीतही, कारण कान झाकल्यानेच बाहेरचा गलका कमी होतो. आवाजाची पातळी साधारण संभाषणाइतकी, म्हणजे ६० डेसिबेलच्या आसपास ठेवून दोन्ही ध्वनिमुद्रणांना सारखी करायची. ‘शांतता’ म्हणजे नेमके काय, हेही मोजून लिहायला हवे. देशातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबेल आहे. मुख्य रस्त्याकाठच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून घेतलेली शांतता ही शांतता नव्हे. गणेशोत्सवात किंवा लग्नसराईत, धुमाल वाद्यपथकांच्या आणि डीजेच्या दिवसांत, प्रयोग न ठेवणेच बरे.

एकाग्रता मोजायची कशी

एकाग्रता थेट दिसत नाही, ती कामातून ओळखावी लागते. ‘किती लक्ष लागले?’ असे विचारून उत्तर मिळते, पण ते प्रयुक्ताच्या, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याच्या, समजुतीचे असते. म्हणून दोन कामे घेता येतात. पहिले काम आकडे खोडण्याचे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बुर्दाँ यांनी १८९५ साली वापरलेल्या पद्धतीचे हे रूप आहे: छापील आकड्यांच्या ओळींतून ठरावीक दोन आकडे शोधून ते पाच मिनिटांत खोडत जायचे. यात भाषेचा संबंध जवळजवळ नसतो. दुसरे काम उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे देण्याचे. ते प्रत्येकाच्या शिक्षणाच्या माध्यमात असावे आणि गाण्याची भाषा त्याला नीट समजते याची खात्री आधी करून घ्यावी.

दोन कामे घेण्यामागे कारण आहे. शब्दांमुळे अडथळा होत असेल, तर तो उताऱ्यात मोठा आणि आकड्यांत लहान दिसायला हवा. दोन्हींत सारखाच दिसला, तर शब्दांपेक्षा वेगळे काही, कदाचित केवळ मानवी आवाजच, लक्ष वेधून घेत असावा.

मोजताना वेग आणि अचूकता वेगळ्या नोंदवाव्यात. बरोबर खोडलेले आकडे, सुटलेले आकडे आणि चुकून खोडलेले आकडे असे तीन रकाने लागतात. गाणे ऐकताना कोणी भराभर खोडत जातो आणि बरेच आकडे सोडतो. त्याची एकूण संख्या पाहिली तर तो सुधारला असे वाटेल. तीन फेऱ्यांसाठी तीन उतारे लागतात आणि ते सारखे कठीण आहेत का, हे वेगळ्या मुलांवर आधी तपासून घ्यावे लागते.

माणसे आणि क्रम

प्रत्येक स्थितीसाठी वेगळा गट घेतला, तर एका गटात मुळातच चपळ वाचक जास्त येण्याचा धोका असतो. चिठ्ठ्या टाकून वाटणी केल्याने तो कमी होतो, पण माणसे खूप लागतात. मध्यम आकाराचा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर रूढ संख्याशास्त्रीय हिशेबाने दोन गटांत प्रत्येकी ६४ जण हवेत. त्याच व्यक्तीला सर्व स्थितींतून नेले, तर प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते आणि तेवढ्याच तीव्रतेचा फरक पकडायला साधारण ३४ जण पुरतात.

या दुसऱ्या रचनेची अडचण म्हणजे सराव आणि थकवा. शांतता नेहमी पहिली आणि गाणे नेहमी शेवटी ठेवले, तर गाण्याच्या फेरीत दिसणारी सुधारणा सरावाची असू शकते. तीन स्थिती एकूण सहा क्रमांनी लावता येतात. ३६ जण घेऊन प्रत्येक क्रमाला सहा जण दिले, तर सरावाचा लाभ तिन्ही स्थितींत सारखा वाटला जातो. उताऱ्यांचीही अशीच अदलाबदल करायची. फेऱ्या तीन वेगवेगळ्या दिवशी, पण रोज एकाच वेळी ठेवल्यास आधीच्या संगीताने बनलेली मनःस्थिती पुढच्या फेरीत येत नाही. पहिल्या दिवशी एक सरावाचा तक्ता द्यायचा, जो मोजायचा नाही.

निवडताना ऐकू नीट येते का, हे पाहावे. संगीताचे शिक्षण किती, अभ्यासात गाणी ऐकायची सवय आहे का आणि ऐकवलेली चाल किती आवडली, याची नोंद ठेवावी. फर्नहॅम आणि ब्रॅडली यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात संगीताचा त्रास बहिर्मुख व्यक्तींपेक्षा अंतर्मुख व्यक्तींना अधिक झाला होता. आवडीचे गाणे निरुपद्रवी असते, हा समजही तपासण्याजोगा आहे. पेरहॅम आणि व्हिझार्ड यांच्या २०११ सालच्या प्रयोगात आवडत्या आणि नावडत्या, दोन्ही प्रकारच्या संगीताने क्रमाने स्मरण करण्याचे काम शांततेच्या तुलनेत बिघडवले.

अपेक्षेपासून बचाव

प्रयोगकर्त्याची अपेक्षा नकळत निकालात उतरते. रॉबर्ट रोझेन्थल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ साली विद्यार्थ्यांना साधे उंदीर देऊन काहींना ‘हे हुशार’ तर काहींना ‘हे मंद’ असे सांगितले. ‘हुशार’ उंदरांची कामगिरी खरोखरच जास्त चांगली नोंदली गेली. म्हणून सूचना छापील असाव्यात, सर्वांना एकाच शब्दांत मिळाव्यात आणि उत्तरे तपासणाऱ्याला कागद कोणत्या स्थितीतला आहे हे कळू नये. प्रयुक्तांना ‘आवाज आणि काम’ यांचा अभ्यास चालू आहे एवढे खरे सांगायचे. कोणता निकाल अपेक्षित आहे ते मात्र शेवटी सांगायचे.

प्रत्येकाची लेखी संमती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची मान्यता, दोन्ही हवीत. मध्येच थांबण्याची मोकळीक असावी आणि नावांऐवजी क्रमांक वापरावेत. परीक्षेच्या तोंडावर मुलांचा वेळ घेणेही उचित नाही.

निकाल वाचताना

आकडे हाती येण्याआधी मुख्य तुलना लिहून ठेवणे हा आखणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. इथे ती तुलना गायलेली चाल आणि बासरी यांच्यातली, उताऱ्याच्या गुणांवरची. तसे केले नाही, तर तीन स्थिती, दोन कामे आणि अनेक रकाने यांतून कुठेतरी फरक सापडतोच आणि मग त्यालाच निष्कर्ष म्हटले जाते. मानसशास्त्राने याची किंमत मोजली आहे. १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा उपक्रम २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पुनरावृत्तीत सुमारे ३६ टक्केच निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकले.

फरक आढळला तर तो आहे की नाही यासोबत किती मोठा आहे, हेही सांगावे लागते. दहा प्रश्नांत सरासरी अर्ध्या प्रश्नाचा फरक आणि दोन प्रश्नांचा फरक यांचे विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थ वेगळे आहेत. सरासरीच्या आड व्यक्तीही लपतात, म्हणून किती जणांची कामगिरी घसरली, किती जणांची सुधारली आणि किती जणांची तशीच राहिली, हेही द्यावे. फरक आढळला नाही, तर तोही निकालच आहे. मात्र ३६ जणांत न दिसलेला छोटा फरक अस्तित्वातच नाही, असे म्हणता येत नाही.

असा प्रयोग नीट पार पडला तर त्यातून एक मर्यादित पण विश्वासार्ह विधान मिळते: या वयाच्या मुलांना, या भाषेत, या पातळीवर ऐकवलेल्या गाण्यातील शब्दांनी वाचन इतके बिघडले, किंवा बिघडले नाही. ते तालीम करताना, गणित सोडवताना किंवा घरकाम करताना लागू होईलच असे नाही. त्यासाठी काम बदलून, भाषा बदलून, दुसऱ्या शहरात दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग करायला हवा. नालंदा परिसरात इअरफोन लावून बसलेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना उपयोगी पडेल असा सल्ला अशा अनेक छोट्या विधानांच्या बेरजेतूनच तयार होतो.