दुकानदारापाशीं ठेवलेली ठेव

दुकानांत बिल होतेवेळीं "मोबाईल नंबर सांगा" असें म्हटलें जातें, आणि आपण तो पैसे देण्याच्या आधींच सांगून मोकळे होतों. पायमोज्यांचा एक जोड विकण्यास आपला नंबर कशास हवा, हें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः नंबरासाठीं गिऱ्हाइकास अडवूं नये, असें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२३ सालींच व्यापाऱ्यांस कळविलें होतें.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. परंतु असे हक्क मुख्यतः सरकाराविरुद्ध मागावयाचे असतात; खासगी पेढ्यांस बांधून घेण्यास निराळा कायदा हवा होता. तो 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम' या नांवानें २०२३ सालीं झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, व पेढ्यांवरील बहुतेक बंधनांस त्यांत १८ महिन्यांची मुदत मिळाली.

माहिती घेणाऱ्यास हा कायदा मालक म्हणत नाहीं. विश्वस्त अशा अर्थाचा शब्द योजतो. आपल्याकडील 'ठेव' हा शब्द येथें चपखल बसतो. ठेव ज्या कामासाठीं दिली त्याच कामीं लावावी, सांभाळून ठेवावी, व काम सरल्यावर स्वतःपाशीं राखूं नये. माहिती कशासाठीं हवी तें सोप्या भाषेंत आधीं सांगितलें पाहिजे, आणि तें मराठींत मागण्याचा आपणांस हक्क आहे. अधिनियमांतच एक मासलेवाईक उदाहरण आहे. घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणारें ॲप रोग्याच्या फोनांतील सर्व ओळखीच्यांची यादी मागतें, व रोगीहि रुकार देतो. तरीहि सल्ल्यास त्या यादीची गरज नसल्यामुळें तो रुकार यादीस लागू पडत नाहीं! दिलेली संमति परत घेणें, ती देण्याइतकेंच सोपें असलें पाहिजे. माहिती फुटल्यास ज्याची ती माहिती त्यास कळविणें भाग आहे. ती सांभाळण्यांत हयगय झाली तर २५० कोटि रुपयांपर्यंत दंड आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक १८ वर्षांखालील आहेत. त्यांची माहिती घेण्यास आईबापांची संमति लागते, व त्यांच्यावर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. शाळांस मात्र शिक्षण व सुरक्षितता यांपुरती सूट आहे.

हा सारा दंड सरकारी खजिन्यांत जातो. ज्याची माहिती फुटली त्यास या कायद्यानें भरपाई मिळत नाहीं. आम्हांस ही मोठी उणीव वाटते. उलट खोटी तक्रार करणाऱ्यास १० हजारांपर्यंत दंड आहेच. शिवाय, कागदावरची माहिती संगणकांत चढविली जाईपर्यंत हा कायदा तिला शिवत नाहीं. इमारतीच्या दाराशीं पहारेकऱ्याच्या वहींत आपण नांव व नंबर लिहितों, आणि मागून येणारा प्रत्येकजण स्वतःचें नांव लिहितां लिहितां आपलेंहि वाचतो; ती वही अद्याप तशीच उघडी आहे.