भोंगा मुलांसाठी, की मोठ्यांसाठी?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली आणि वर्ग पुन्हा भरू लागले तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. अखेर सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आणि महिलांच्या ग्रामसभेच्या संमतीने ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने नवा पायंडा पाडला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद आणि साडेआठला तो पुन्हा वाजला की सुरू. या दीड तासाचं कौतुक झालं ते बहुतेक मुलांच्या अभ्यासासाठी. पण या प्रयोगाचं खरं मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. हा भोंगा मोठ्यांनाही लागू आहे. मुलांचं मन घडवायला उपदेशापेक्षा आधी लागतं ते मोठ्यांचं लक्ष, आणि मोबाइलने सगळ्यात आधी हिरावलं तेही हेच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला बोलतं करू पाहत. ते साधलं नाही की कावरीबावरी होत, तोंड फिरवत किंवा रडू लागत. आई समोरच होती, पण तिच्याकडून प्रतिसाद येत नव्हता. मोठ्या मुलांचंही याहून फार वेगळं नसतं. शाळेतून आलेली मुलगी म्हणते, "आई, आज मला कुणी खेळायलाच घेतलं नाही." मोबाइलवरची नजर न काढता आई "हं" म्हणाली, तर विषय तिथेच मिटतो. "मग गं? वाईट वाटलं असेल ना?" एवढं विचारलं, तर आपल्याला जे होतंय त्याला नाव असतं आणि ते बोलून दाखवता येतं, हे मुलगी शिकते. पुढे वर्गातल्या एखाद्या मुलाचा पडलेला चेहरा तिला ओळखता येतो, तो याच शिदोरीवर. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहावीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच दिवस पडद्याविना शिबिरात राहिलेली मुलं चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात इतरांपेक्षा जास्त सुधारली होती. अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा स्पष्ट आहे.

यावर पालकांचा पहिला सवाल असतो, की भावनांनी मार्क मिळतात का? २०११ मध्ये भावना हाताळायला शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा आणि त्यांतल्या सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भावना ओळखणं, राग आवरणं, भांडण बोलून मिटवणं हे पद्धतशीर शिकवलं तिथे मुलांची वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासात मधल्या फळीतला विद्यार्थी शंभरांत अकराएक जागा वर सरकला. हे उपक्रम बरेचसे वर्गशिक्षकांनीच चालवले होते. त्यामुळे "पोर्शन संपवायचा की हे करायचं?" असा पेच मुळात उरत नाही. धुसफुसणाऱ्या वर्गात पोर्शनही धड होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शेतीची लाइट रात्री आली की बाप उसाला पाणी पाजायला जातो आणि सात ते साडेआठ आई चुलीपाशी असते. मग मुलांपाशी बसायचं कुणी? पण प्रतिसाद द्यायला मांडी घालून बसावं लागत नाही. भाकऱ्या थापतानाही बोलता येतं, आणि हे काम एकट्या आईच्या गळ्यात पडू नये म्हणून तर आजोबा, काका, मोठा भाऊ यांचेही मोबाइल बंद हवेत. भोंगा म्हणजे सक्ती, असंही कुणी म्हणेल. मात्र कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन समजावलं म्हणूनच हा पायंडा गावात रुजला, केवळ आवाजाच्या धाकाने नव्हे. धोका आहे तो वेगळाच: हा दीड तास शिकवणीचा दुसरा वर्ग होण्याचा. म्हणून त्यातली वीसेक मिनिटं तरी वह्या-पुस्तकांविना जावीत. शिक्षकांनीही हजेरीनंतरची पाच मिनिटं "काल काय झालं?" या प्रश्नाला द्यावीत आणि उत्तर देणाऱ्या मुलाला मधेच तोडू नये. याला ना निधी लागतो ना शासनाचा जीआर. फक्त आधी मोठ्यांना स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवावा लागतो, आणि सगळं अडतं ते नेमकं तिथेच.