फिनचा बूट आणि पावलाचे माप

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्या भागातल्या वाचकांपुढे समुद्रात बुडी मारण्याच्या साधनाबद्दल लिहायचे, हे जरा धाडसच. पण कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली लातूर-नांदेडची मुले आता सहलीला मालवण-तारकर्लीला जातात आणि भाड्याचे फिन पायात चढवून पाण्यात उतरतात. अशा एका सहलीत आम्ही बरोबर होतो. अकरावीतला एक मुलगा, पोहण्यात पटाईत, किनाऱ्यापासून थोडा दूर गेला आणि त्याच्या पोटरीत गोळा आला. अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून निभावले. फिन काढले तेव्हा पायाची बोटे आखडलेली होती आणि टाच सोलली होती. त्याच्या बुटाचा नंबर आठ, फिनही आठचेच. मग चुकले कुठे?

फिनचे दोन भाग असतात. पुढे पाणी ढकलणारे लवचीक पाते आणि मागे पाऊल बसवायचा रबरी बूट. पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसता श्वास रोखून खोल बुडी मारणारे जे फिन वापरतात, त्यांचे पाते बरेच लांब असते. विकत घेताना सगळे पात्याकडेच पाहतात. पायाने लावलेला जोर पात्यापर्यंत पोचवतो तो मात्र बूट.

एक साधा प्रयोग करू या. ३० सेंटिमीटरच्या पट्टीच्या एका टोकाला डस्टर बांधा. दुसऱ्या टोकावर वरून तर्जनी ठेवा आणि तिथून सात-आठ सेंटिमीटरवर खालून अंगठा लावून पट्टी आडवी धरा. डस्टर हलकाच, तरी अंगठा लवकर दुखू लागतो. ही तरफ आहे. फिनमध्ये अंगठ्याच्या जागी पावलाचा वरचा भाग असतो आणि तर्जनीच्या जागी टाच. समजा, लाथ मारताना पाणी पात्यावर ३ किलो वजनाइतका जोर लावते. हा जोर पावलाच्या वरच्या टेकूपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि टेकूपासून टाच १५ सेंटिमीटरवर. मग टाचेवर ३ × ४० ÷ १५ म्हणजे ८ किलोइतका आणि पावलाच्या वरच्या भागावर ३ + ८ म्हणजे ११ किलोइतका जोर येतो. तोही प्रत्येक लाथेला.

हा ११ किलोचा जोर ४० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर काही वाटत नाही. बूट सैल असेल तर तोच जोर एखाद्या कडेवर, चार-पाच चौरस सेंटिमीटरवर एकवटतो. दाब आठ-दहा पट वाढतो. त्यात पाण्यात भिजून कातडी मऊ झालेली असते, ती लवकर सोलते. शिवाय सैल बूट निसटू नये म्हणून पोहणारा नकळत बोटे आवळून धरतो. तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि गोळा येतो. घट्ट बुटातही बोटे दुमडतात आणि परिणाम तोच होतो. आमच्या त्या मुलाच्या एकाच पायात या दोन्ही गोष्टी होत्या: पुढे पंजा आवळलेला आणि मागे टाच मोकळी.

याचे कारण नंबरात आहे. नंबर फक्त लांबी सांगतो. आपण वापरतो त्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. फिनवर बहुधा युरोपीय माप असते, त्यात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश. तोही ४२–४३ असा जोडीने छापलेला. रुंदीचा पत्ताच नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल तुलनेने रुंद असल्याचे त्यातून दिसले, आणि 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. रुंदीसाठी आपण एक नंबर मोठा घेतो. चपलेत ते चालून जाते, फिनमध्ये टाच सैल पडते.

म्हणून माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडे सुजलेले असते. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. पंज्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. हे दोन्ही पायांचे करा. फिन घालून पाहताना बूट आणि पाय ओले करा. पाय उचलून वर-खाली, मग आडवा हलवा. फिन पायाच्या मागून डुलत आले तर ते सैल आहे. दहा मिनिटांनी काढा आणि करंगळीच्या मुळाशी, अंगठ्याच्या नखावर, टाचेच्या शिरेवर लाल डाग पडलेत का पाहा.

किंचित सैल बुटाला निओप्रीनच्या मोज्याचा आधार देता येतो. पण निओप्रीनमध्ये हवेचे बुडबुडे असतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि मोजा पातळ होतो. काठावर जेमतेम बसलेला बूट खाली गेल्यावर ढिला वाटतो तो यामुळे. (आणि श्वास रोखून बुडी मारणे एकट्याने कधीच नको, फिन कितीही चांगले असोत.)

त्या मुलाची पावले आम्ही परतल्यावर मोजली. उजवे डाव्यापेक्षा ४ मिलिमीटर लांब निघाले. पुढच्या खेपेला त्याने रुंद पंज्याचे फिन उजव्या पायाच्या मापाने निवडले आणि डाव्या पायात मोजा घातला.