सणाची रोषणाई आणि घरची वीज

दिवाळी चार दिवसांवर आली की माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरतो, गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवला जातो, आणि घरातले कोणी ना कोणी त्या दिवसांपुरते तारतंत्री बनते. कोकणातले खेडे असो, इंदूर-बडोद्याचा वाडा असो की दिल्लीतली सदनिका असो, मराठी घरातले हे दृश्य सारखेच. या हौसेवर विरजण घालावे असा माझा मुळीच हेतू नाही. विजेच्या वागण्याचा एक साधा नियम ध्यानात ठेवला तर ही हौस निर्धास्तपणे करता येते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी गॅलरीत आकाशकंदील टांगला. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याची तार लोखंडी कठड्याला दोन वेढे देऊन आवळली. प्लग हाताशी नव्हता. तेव्हा तारेची टोके सोलून सॉकेटच्या भोकांत खुपसली आणि ती निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकून बसवल्या. दिवा लागला, सर्वांनी वाहवा केली. संध्याकाळी माझी धाकटी पुतणी कठड्याला हात लावून म्हणाली, "काका, हाताला मुंग्या येतात." मी हसून म्हणालो, "थंडी पडली आहे, बेटा." दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मुले ओल्या पायांनी त्याच कठड्याशी उभी राहावयाची होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिचे शब्द मला आठवले. उठलो, मुख्य स्विच बंद केला आणि वेढे सोडवून पाहिले. लोखंडाच्या धारेने तारेचे आवरण कापले गेले होते, आणि आतले तांबे कठड्याला टेकलेले होते. मुलीच्या पायांत कोरड्या चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर निभावले.

आश्चर्य असे की, फ्यूज शाबूत होता. तो का वितळला नाही, या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

आपल्या घरात 230 व्होल्ट दाबाची वीज येते. ती एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. ही दुसरी तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे जमीन हाही विजेला परतीचा मार्गच ठरतो. अनवाणी माणसाचा हात उघड्या जिवंत तारेला लागला की त्याचे शरीर हाच त्या मार्गाचा एक भाग होतो. कोरडी त्वचा प्रवाहाला बराच अडथळा करते; पण अंग ओले असले की हा अडथळा हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. मग 230 व्होल्टच्या दाबाने सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून वाहू लागेल. साठ वॅटच्या जुन्या बल्बमधून वाहतो त्याहूनही हा थोडा कमीच. परंतु बल्बला जो प्रवाह पुरेसा, तो हृदयाला फार होतो. शंभर मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके विस्कटून मृत्यू ओढवू शकतो.

आता फ्यूजचा हिशेब पाहा. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो, आणि माणसाचा जीव घेण्यास त्याचा पन्नासावा भाग पुरतो. हल्लीच्या घरांतले एमसीबी हे स्वयंचलित बटणही याच जातीचे. ही साधने तारांचे आणि घराचे आगीपासून रक्षण करतात. विजेचा धक्का बसलेल्या माणसाचे रक्षण हे त्यांचे कामच नव्हे.

ते काम दोघांचे. पहिली ती प्लगची तिसरी पिन. ती इतर दोघींहून जाड आणि लांब असते ती उगाच नव्हे. आत जाताना ती सर्वांच्या आधी जोडली जावी आणि निघताना सर्वांच्या शेवटी सुटावी, अशी ती योजना आहे. इस्त्रीच्या धातूच्या भागात वीज उतरलीच, तर ही पिन तिला थेट जमिनीत नेते. प्रवाह एकदम वाढतो आणि मग मात्र फ्यूज वितळतो. दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून ही पिन निरुपयोगी करणारे लोक आपणच आपला पहारेकरी घालवून देतात.

दुसरे साधन आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. घरगुती साधनात 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की पापणी लवते न लवते तोच ते वीज तोडते. माझ्या घरी तेव्हा ते असते तर ओल्या पायांनी कठड्याला हात लागताच दिवा विझला असता. त्यावर चाचणीचे एक बटण असते. दिवाळीपूर्वी ते अवश्य दाबून पाहावे. मात्र दोन्ही तारा दोन हातांत धरणाऱ्याला तेही वाचवू शकेलच असे नाही.

माळांविषयी एक गैरसमज आहे. दिवे चिमुकले, म्हणून दाबही चिमुकला असावा, असे वाटते. पण थेट सॉकेटात जोडावयाच्या माळेत दिवे एकामागून एक गुंफलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे व्होल्ट येतात, माळेच्या टोकाशी मात्र पूर्ण 230 व्होल्ट असतात. म्हणून फुटक्या दिव्याची माळ टाकून द्यावी, आणि सडा घातलेल्या अंगणात, तुळशीवृंदावनाशी किंवा लोखंडी दारावर माळ सोडू नये. अभ्यंगस्नानाचे पाणी बादलीत हीटर सोडून तापवत असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्यावाचून पाण्यात बोट घालू नका. आगपेटीच्या काड्यांनी बसवलेला सांधा ढिला राहतो, ढिला सांधा तापतो, आणि तापल्या ठिकाणी कोरडे लाकूड आपणच ठेवलेले असते, हेही विसरू नका.

इतके करूनही कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. तो दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला सारा. 112 क्रमांकावर मदत मागवा, आणि श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा. तारांना आग लागली तर वीज चालू असताना त्यावर पाणी ओतू नका.

माझी पुतणी आज दोन मुलांची आई आहे. दर दिवाळीला तिच्याकडे गेलो की ती मला हसत विचारते, "काका, थंडी पडली का?" मी हसतो खरा, पण त्या रात्री मी उठलो नसतो तर, हा विचार अजूनही सुटत नाही. म्हणून शेवटची विनंती एवढीच: घरातले मूल 'मुंग्या येतात' असे म्हणाले, तर त्याला समजावीत बसू नका. आधी मुख्य स्विच बंद करा, आणि मग कारण शोधा.